साथ ओसरली, बुकिंग मात्र राहिले

अमेरिकेतल्या थीम पार्कांचे वार्षिक पास, म्हणजे एकदा पैसे भरून वर्षभर वारंवार जाण्याची सोय, आणि कोविडकाळातले निर्बंध यावरचा वाद अजून शमलेला नाही, आणि पहिल्या दिवसापासून तो भलत्याच मुद्द्यावर लढला जातो आहे. एक बाजू म्हणते, पासधारक लाडावलेले आहेत. दवाखान्यांत खाटा मिळत नव्हत्या तेव्हा यांना पाळण्यात बसायचे होते. दुसरी बाजू म्हणते, कंपन्या हावरट आहेत. निष्ठावान गिऱ्हाइकाला त्यांनी वाऱ्यावर सोडले. दोन्ही बाजू माणसांच्या स्वभावाबद्दल भांडतात आणि व्यवहाराचा कागद उघडून बघत नाहीत. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. साथीच्या काळात पासधारकांना दारात अडवणे योग्य होते. पास सरसकट रद्द करून उरलेले पैसे परत करणे, हेही योग्यच होते. अन्याय झाला तो त्यानंतर. साथीसाठी आणलेली, जाण्याचा दिवस आधी राखून ठेवण्याची म्हणजे बुकिंगची अट साथीचे कारण संपल्यावरही ठेवली गेली, आणि त्या अटीच्या आड दारातली किती जागा कोणत्या गिऱ्हाइकाला मिळणार हे कुणालाही न सांगता ठरवले जाऊ लागले. पास विकताना दिलेला शब्द तिथे मोडला.

घटनाक्रम डोळ्यांपुढे असला की पुढचे बोलणे सोपे जाते. शांघायचे डिस्नीलँड २५ जानेवारी २०२० ला बंद झाले. कॅलिफोर्नियातले, म्हणजे अ‍ॅनाहाइमचे मूळ डिस्नीलँड १४ मार्चपासून बंद झाले आणि फ्लोरिडातले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड त्यानंतर दोनच दिवसांनी. १९५५ साली उघडलेले अ‍ॅनाहाइमचे पार्क त्याआधी अनपेक्षितपणे बंद राहिले ते राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतरचा राष्ट्रीय दुखवटा, १९९४ चा नॉर्थरिज भूकंप आणि ११ सप्टेंबर २००१ अशा मोजक्या प्रसंगी, आणि तेही अल्पकाळ. या वेळी ते १३ महिन्यांहून अधिक काळ बंद होते. उघडले ते ३० एप्रिल २०२१ ला. फ्लोरिडात मात्र डिस्नेच्या स्पर्धक युनिव्हर्सलची पार्के ५ जून २०२० ला उघडली आणि डिस्नेची ११ जुलैपासून. एकाच देशात, एकाच रोगाला, दोन राज्यांनी दोन टोकांची उत्तरे दिली. पासधारकांचे भांडण या दोन टोकांच्या मधल्या जागेत उगवले.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. थीम पार्क ही चैन आहे. तिथे गेले नाही म्हणून कुणाचे काही बिघडत नाही, आणि हजारो माणसे एका रांगेत उभी करणारी जागा संसर्गाच्या काळात उघडी ठेवणे हा सार्वजनिक धोका आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. शांघायचे पार्क ११ मे २०२० ला उघडले तेव्हा सरकारने मर्यादा घातली होती ती क्षमतेच्या ३० टक्के, म्हणजे दिवसाला साधारण २४ हजार माणसांची. अशी मर्यादा असताना आगाऊ बुकिंगला पर्याय काय? ‘या, जमले तर आत घेऊ’ असे सांगितले की आतली गर्दी दाराबाहेर गोळा होते, आणि विषाणूला दाराच्या आतले-बाहेरचे कळत नाही. फ्लोरिडातही सुरुवातीला चौथाई क्षमतेवर काम चालले. दारात ताप मोजला जाई, रांगेत जमिनीवर सहा-सहा फुटांवर पट्टे चिकटवलेले, वळणा-वळणावर प्लास्टिकच्या पारदर्शक भिंती, पाळण्यात दोन कुटुंबांमध्ये रिकामी ओळ. मिरवणुका आणि आतषबाजी बंद, कारण त्यांना लोक खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्या दिवसांत ‘माझ्याकडे पास आहे, मला केव्हाही आत सोडा’ असे म्हणणारा माणूस चुकत होता, आणि त्याला तसे स्पष्ट सांगायला हवे होते.

पास रद्द करण्याबद्दलही मी कंपनीच्या बाजूने बोलेन. जानेवारी २०२१ मध्ये अ‍ॅनाहाइमने आपली वार्षिक पासांची सगळी योजनाच गुंडाळली आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत केले. टोकियोच्या डिस्नीलँडनेही पास थांबवून पैसे परत करण्याचाच मार्ग धरला. लोक हळहळले, काही चिडले. वर्षानुवर्षे मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्या माणसाला ते तुटणे लागले असेल, यात शंका नाही. पण तो प्रामाणिक व्यवहार होता. पार्क कधी उघडेल माहीत नाही, उघडल्यावर किती माणसे घेता येतील माहीत नाही. ज्या वस्तूचा ताबा देता येत नाही तिचे पैसे ठेवून घेऊ नयेत, इतका तो साधा हिशेब होता. उलट काही कंपन्यांनी पार्क बंद असतानाही मासिक हप्ते कापणे चालू ठेवले आणि त्याच्या बदल्यात पुढे जादा महिने देऊ केले. त्यावर अमेरिकेत खटले झाले ते उगीच नाहीत. ज्याची नोकरी त्याच महिन्यात गेली त्याला पुढच्या वर्षीच्या जादा महिन्याचे काय कौतुक? हातातला पैसा आणि पुढचा वायदा यांची बरोबरी कंपनीच्या वहीत होत असेल, घरखर्चात होत नाही.

तरीही त्या रद्द करण्यातली एक गोष्ट नजरेआड करू नये. पार्क एप्रिल २०२१ मध्ये उघडले तेव्हा राज्याच्या नियमानुसार आत येऊ शकत होते ते फक्त कॅलिफोर्नियाचे रहिवासी. म्हणजे जो स्थानिक माणूस पासाचा मुख्य गिऱ्हाईक, नेमका तोच तेवढा दारात उभा होता, आणि त्याच्या हातात पास नव्हता. त्याला एकेका दिवसाचे पूर्ण तिकीट काढावे लागत होते. यात कट होता असे मी म्हणत नाही. सोय मात्र होती, आणि पुढे जे घडले त्याकडे बघताना ही सोय लक्षात ठेवावी लागते.

आरोग्याचा तर्क आणि कमाईचा तर्क एकाच दिशेने जातात, असे या वादात दोन्ही बाजू धरून चालतात. प्रत्यक्षात ते एकमेकांविरुद्ध जात होते. साथीच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा पाहुणा कोण? जो जवळ राहतो, स्वतःच्या गाडीने येतो, चार तास थांबून घरी जातो. विमानतळ नाही, हॉटेल नाही, तिन्ही वेळचे जेवण गर्दीत नाही. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२० मध्ये नियम काढले तेव्हा लहान पार्कांना फक्त आपल्याच काउंटीतले, म्हणजे जिल्ह्यातले, पाहुणे घेण्याची मुभा होती. मार्च २०२१ च्या सुधारित नियमात ती मर्यादा राज्यापर्यंत वाढली. सरकारी आरोग्यखात्याचा कल स्थानिकाकडे होता. कमाईच्या दृष्टीने सर्वांत नकोसा पाहुणाही तोच, कारण तो हॉटेलात उतरत नाही, दर खेपेला खेळणी-टोप्या विकत घेत नाही, डबा खाऊन येतो. दुरून विमानाने येणारे, हॉटेलात चार रात्री राहणारे, आयुष्यात एकदाच येणारे कुटुंब साथीसाठी जास्त जोखमीचे आणि हिशेबासाठी जास्त लाभाचे. मग बुकिंगच्या वाटपात झुकते माप कोणाला मिळाले? ते आरोग्याने ठरवले असते तर पासधारकाला मिळायला हवे होते.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या बुकिंगचा पडदा ज्यांनी उघडून पाहिला त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. एकाच दिवसासाठी तिथे तीन वेगळी कॅलेंडरे होती: एक हॉटेलात उतरणाऱ्यांचे, एक तिकीट काढणाऱ्यांचे, एक पासधारकांचे. नाताळच्या आसपासची तारीख पासधारकाच्या कॅलेंडरात राखाडी असे, म्हणजे जागा संपलेली. त्याच पार्काची तीच तारीख तिकीटवाल्याच्या कॅलेंडरात उघडी असे. पार्क एक, दिवस एक, आतली हवा एक. पासवाल्यासाठी पार्क भरलेले आणि त्याच क्षणी तिकीट काढणाऱ्यासाठी रिकामे, हे कोणत्या आरोग्यशास्त्रात बसते? मर्यादा किती माणसांची, हा आरोग्याचा प्रश्न. त्या मर्यादेत कोणाला किती वाटा, हा धंद्याचा प्रश्न. हे दोन प्रश्न एकाच पडद्यावर आणले गेले आणि धंद्याच्या उत्तरावर आरोग्याचा शिक्का बसला.

शेजारच्याच युनिव्हर्सलने बुकिंगची अट घातली नव्हती. क्षमता भरली की ते दार बंद करत. यात तोटा आहे, मान्य: सकाळी लवकर निघून, गाडी लावून दारापर्यंत आलेल्या कुटुंबाला परत फिरावे लागते, आणि मुलांच्या तोंडाकडे बघवत नाही. पण पद्धत उघडी होती. जो आधी आला तो आत, मग त्याच्या खिशात पास असो वा तिकीट. याचा अर्थ सगळ्यांनी तसेच करावे असा नाही. एकाच गावात, एकाच साथीत दुसरा मार्ग चालू होता, एवढे त्यातून सिद्ध होते. ‘दुसरा इलाजच नव्हता’ हे वाक्य त्यामुळे टिकत नाही.

आता तारखा पाहा. १५ जून २०२१ रोजी कॅलिफोर्नियाने रंगांच्या पायऱ्यांची आपली निर्बंधव्यवस्था आणि क्षमतेच्या बहुतेक मर्यादा उठवल्या. बाहेरच्या राज्यांतल्या पाहुण्यांनाही त्या दिवसापासून प्रवेश खुला झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, २५ ऑगस्टला, अ‍ॅनाहाइमने जुन्या पासाच्या जागी ‘मॅजिक की’ विकायला काढली. चार प्रती, म्हणजे दर्जे होते, ३९९ डॉलरपासून १,३९९ डॉलरपर्यंत. प्रत्येकीला बुकिंग सक्तीचे. एका वेळी किती तारखा हाती ठेवता येतील त्यालाही मर्यादा, स्वस्त प्रतीत दोन, महागात सहा. बुकिंग करून ९० दिवसांत तीनदा गेला नाहीत तर ३० दिवस नवे बुकिंग बंद. मूल आजारी पडले, ऐन वेळी कामाची पाळी बदलली, असले काही घडू नये अशा बेताने वर्षभराची मौज आखायची. यातला एकही नियम त्या तारखेला कोणत्याही सरकारने मागितलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. फ्लोरिडात तारीखवार तिकीट काढणाऱ्यांची बुकिंगमधून सुटका झाली ती ९ जानेवारी २०२४ ला; पासधारकांना तेव्हाही ठरावीक दिवस आणि वेळा वगळता बुकिंग करावेच लागत होते. साथीच्या नावाने आलेला नियम सर्वांत शेवटपर्यंत कोणाच्या गळ्यात राहिला? ज्याने पैसे सर्वांत आधी दिले होते त्याच्या.

तात्पुरते निर्बंध असे मुरतात, याला इतिहासात तोटा नाही. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून ब्रिटनमध्ये पबच्या वेळा कमी केल्या आणि दुपारी पब बंद ठेवायला लावले. युद्ध १९१८ साली संपले. इंग्लंडमधले पब दुपारी उघडे राहू लागले १९८८ साली. सत्तर वर्षे कोणीही उठून ‘आता तोफगोळे कोण बनवतो आहे?’ असे विचारून तो नियम मोडीत काढला नाही, कारण मधल्या काळात त्या नियमाभोवती नव्या सवयी आणि नवे हितसंबंध तयार झाले. नियम ज्या कारणाने येतो त्याच कारणाने टिकत नाही. तो टिकतो कुणाच्या तरी उपयोगी पडतो म्हणून. म्हणूनच आणीबाणीत नियम आणणाऱ्याने तो कधी जाईल हेही त्याच दिवशी लिहून द्यायला हवे.

यावर सुज्ञ प्रतिवाद असा येतो: बुकिंगचा उगम साथीत नाहीच, ती पार्क चालवण्याची अधिक चांगली रीत आहे. उद्या किती माणसे येणार हे आज कळले तर स्वयंपाकघरात किती हात लागतील, कोणते पाळणे चालवायचे, किती रांगा उघडायच्या हे ठरवता येते, गर्दी पसरते, तिकीटवाल्यालाही श्वास घेता येतो. हा मुद्दा खरा आहे, आणि माझ्या मते कंपनीच्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा हाच. पण त्याच मुद्द्याने कंपनीचे पुढचे वागणे अधिक उघडे पडते. मे २०१९ मध्ये, साथीचा मागमूसही नसताना, अ‍ॅनाहाइमने ‘फ्लेक्स’ नावाचा ५९९ डॉलरचा पास काढला होता. त्यात काही दिवस मोकळे आणि बाकीच्या दिवशी आधी बुकिंग, असे स्पष्ट लिहिलेले होते. ज्याला कमी पैशात बुकिंगची कटकट चालत होती त्याने तो घेतला, ज्याला नको होती त्याने वरचा घेतला. बुकिंग तिथे एक निवड होती आणि तिची किंमत पासावर छापलेली होती. म्हणजे ही अट प्रामाणिकपणे कशी विकावी हे कंपनीला चांगले ठाऊक होते. दोन वर्षांनी तीच अट सगळ्या प्रतींना, अगदी सर्वांत महागड्या प्रतीलाही, चिकटवली गेली.

आणि त्या महागड्या प्रतीवर लिहिलेले काय होते? ‘ड्रीम की’, १,३९९ डॉलर, एकही ब्लॉकआउट तारीख नाही. ब्लॉकआउट म्हणजे ज्या दिवशी पास चालत नाही तो दिवस. जुन्या पासधारकांना हा शब्द नीट माहीत, स्वस्त पास घेताना त्या तारखा ते डोळे उघडे ठेवून स्वीकारत आले होते. ब्लॉकआउट नाही याचा अर्थ साध्या माणसाने काय घ्यावा? वर्षातल्या कोणत्याही दिवशी जाता येईल हाच. प्रत्यक्षात पासधारकांच्या वाट्याच्या जागा संपल्या की तारीख मिळत नसे, आणि त्याच तारखेची तिकिटे मात्र विक्रीला असत. २०२१ च्या अखेरीस यावर खटला दाखल झाला. कंपनीने चूक नाकारली आणि २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरची तडजोड झाली. लाखभर ‘ड्रीम की’धारकांत ती रक्कम वाटली गेली तेव्हा वकिलांचा आणि इतर खर्च जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला सत्तर डॉलरच्या आतच आले. रकमेपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘ड्रीम की’ची जागा ‘इन्स्पायर की’ने घेतली. किंमत १,५९९ डॉलर, आणि नाताळच्या आसपासच्या तारखा त्यात चालणार नाहीत असे सरळ लिहिलेले. किंमत वाढली म्हणून लोक रागावले. मी या बदलाचे स्वागतच करेन. जे देता येत नाही ते कागदावर लिहिण्याला इतका वेळ का लागावा, हा प्रश्न मात्र राहतो.

‘अटी-शर्तींत सगळे लिहिले होते, वाचायला हवे होते,’ असे म्हणणारेही आहेत. लिहिले होते हे खरे: बुकिंग मर्यादित आहे, उपलब्धतेनुसार आहे, हमी नाही. पण उपलब्धता ही पावसासारखी आभाळातून पडणारी गोष्ट नव्हती. ती रोज सकाळी कंपनीच्या कार्यालयात कोणीतरी ठरवत होते. विकणाराच जर देण्याचे प्रमाण स्वतः, गुपचूप आणि रोज बदलत ठरवत असेल, तर ‘उपलब्धतेनुसार’ या शब्दाखाली काहीही मावते. वर्षातून ३०० दिवस जाता येणारा पास आणि ३० दिवस जाता येणारा पास, दोन्ही त्या वाक्यात सारखेच बसतात. गिऱ्हाइकाने वाचून काय करावे?

यावरचा तोडगा अमेरिकेने एकदा काढलेला आहे, आणि तो काढायला कारण झाला तो विमानाचा प्रवास. १९७२ च्या एप्रिलमध्ये ग्राहक-चळवळीतले राल्फ नेडर हातात पक्के तिकीट घेऊन वॉशिंग्टनहून हार्टफर्डला निघाले होते. एका सभेत बोलायचे होते. विमान भरले म्हणून अ‍ॅलिगेनी एअरलाइन्सने त्यांना घेतले नाही. विमान कंपन्या आसनांपेक्षा जास्त तिकिटे जाणूनबुजून विकत, कारण काही प्रवासी येतच नाहीत. त्यांचा युक्तिवाद भक्कम होता: तसे केले नाही तर आसने रिकामी जातील आणि भाडी वाढतील. पण हे प्रवाशाला सांगितलेले नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये न्यायालयाने नेडर यांचा फसवणुकीचा दावा चालवण्याची वाट मोकळी ठेवली. पुढे नागरी विमान मंडळाने जादा विक्रीवर बंदी घातली नाही. प्रवाशांना ती उघड सांगणे भाग पडले, आणि १९७८ च्या नियमाने आधी मोबदला देऊन स्वेच्छेने मागे राहणारे प्रवासी शोधणे आणि तरीही कुणाला उतरवावे लागले तर त्याला वाढीव भरपाई देणे सक्तीचे केले. कल्पना ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाची, आणि तिची सुरुवातीला टिंगलच झाली होती. आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की विमानतळावर तशी घोषणा ऐकताना कुणी मान वर करत नाही.

वार्षिक पास हीदेखील जादा विक्रीच आहे. सगळे पासधारक एकाच दिवशी आले तर पार्कात मावणार नाहीत, हे विकणारा जाणतो आणि घेणाराही जाणतो. सगळे एकदम येत नाहीत या भरवशावर दोघांचेही भले होते. साथीने एवढेच केले की हा भरवसा एका झटक्यात मोडला, जागा चौथाईवर आल्या आणि आजवर न दिसणारी जादा विक्री सगळ्यांना दिसू लागली. त्या क्षणी विमान कंपन्यांना लावलेला न्याय पार्कांना लावायला काय हरकत होती? पासधारकांपैकी कितीतरी जणांनी मोबदल्यात खुशीने वर्षभर बाहेर राहणे पत्करले असते. काहींना घरात म्हातारी माणसे होती, काहींची ऐपत संपली होती. फ्लोरिडातल्या डिस्नेने बंद काळाइतकी मुदत वाढवून दिली किंवा काही पैसे परत घेण्याचा पर्याय दिला, तो याच दिशेचा होता आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पार्क उघडल्यानंतर मात्र हे औदार्य संपले.

पासधारकांविषयीची तुच्छता हा या वादातला मला सर्वांत खुपणारा भाग. ते फुकटे आहेत, रोज येऊन बाकड्यावर बसतात, दुरून आलेल्या लेकरांची जागा अडवतात. ऑगस्ट २०२२ मध्ये डिस्नेच्या तिमाही निकालांत अ‍ॅनाहाइमबद्दल पाहुण्यांचे मिश्रण प्रतिकूल असल्याचा उल्लेख आला, आणि रोख पासधारकांकडे आहे हे सगळ्यांना कळले. नाराज लोकांनी ‘प्रतिकूल’ हा शब्द छापलेले टी-शर्ट घालून पार्कात हजेरी लावली. हिशेबनिसाच्या भाषेत ते वाक्य चुकीचे नसेलही. एका खेपेमागचा खर्च पाहिला तर पासधारक खरोखर कमी पैसे सोडतो, आणि आयुष्यात एकदा येणाऱ्या कुटुंबाला जागा मिळावी ही भावनाही रास्त आहे. पण हे गिऱ्हाईक तयार कोणी केले? ओसाड मंगळवार भरावेत, पावसाळी संध्याकाळी रांगेत माणूस दिसावा, पैसा वर्षाच्या सुरुवातीलाच हाती यावा, म्हणून पार्कांनीच स्थानिकांना बोलावले, मासिक हप्ते बांधून दिले, वारंवार या म्हणून सांगितले. ते वारंवार आले. बोलावल्याप्रमाणे आलेल्याला गर्दी म्हणणे हा कोणता शिष्टाचार?

१८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या महाप्रदर्शनालाही हंगामी पास होते: पुरुषांना तीन गिनी, स्त्रियांना दोन (एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग). १ मेच्या उद्घाटनाला राणी व्हिक्टोरिया येणार होती आणि पासधारकांनाच आत वाव होता. पुढे २६ मेपासून सोमवार ते गुरुवार एका शिलिंगात प्रवेश सुरू झाला. तेव्हाच्या प्रतिष्ठितांना धास्ती होती ती उलट बाजूची: शिलिंगवाले कामकरी लोक येतील आणि मोडतोड करतील. तसे काही झाले नाही. साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर भेटी झाल्या आणि प्रदर्शन नफ्यात गेले. कोणता पाहुणा इष्ट, हे दारावरचा माणूस नेहमी चुकीचे ओळखतो असा दावा मी करणार नाही. पण त्या आयोजकांनी एक गोष्ट नेटकी केली होती. कोणता वार किती किमतीचा हे ठरलेले आणि जाहीर होते. तीन गिनी मोजणाऱ्याला आपण काय घेतो ते कळत होते आणि शिलिंग मोजणाऱ्यालाही.

‘नको असेल तर घेऊ नका’ हे शेवटचे उत्तर तोंडावर फेकले जाते. पास घेतल्यावर अटींचा अर्थ बदलत असेल तर ते उत्तर लागूच होत नाही. शिवाय यात पार्कांपलीकडचे एक नुकसान आहे, आणि माझ्या लेखी ते सर्वांत मोठे. साथीत सार्वजनिक आरोग्याची सगळी मदार लोकांच्या विश्वासावर असते. अंतर ठेवा म्हटले की लोक ठेवतात, कारण ते आपल्या जिवासाठी आहे असे त्यांना वाटते. ‘आपल्या सुरक्षेसाठी’ या शब्दांखाली विक्रीची सोय लपवली जाते हे लोकांनी एकदा पाहिले, की पुढच्या वेळी खऱ्या नियमालाही ते त्याच संशयाने तोलतील. थीम पार्कात गमावलेला विश्वास दवाखान्याच्या दारात कमी पडतो. पार्क ही चैन आहे म्हणून या प्रश्नाला हसणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

मागणी फार मोठी नाही. आरोग्याच्या कारणाने घातलेली अट ज्या सरकारी आदेशावर उभी आहे तो आदेश उठला की आपोआप संपावी, आणि कंपनीला ती पुढे ठेवायची असेल तर नव्या पासावर, नव्या किमतीत, स्वतःच्या नावाने विकावी. चालू पासावर ती लादू नये. बुकिंग ठेवायचेच असेल तर कोणत्या दिवशी एकूण जागांपैकी किती पासधारकांसाठी ठेवल्या हे त्या दिवसाच्या कॅलेंडरावर दिसावे, आणि पासधारकांची तारीख संपलेली असताना त्याच तारखेचे तिकीट विकले गेले तर तो दिवस पासाच्या मुदतीत परत जोडला जावा. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा या दोन्ही राज्यांकडे फसव्या विक्रीविरुद्धचे कायदे आहेत. नवा कायदा करायची गरज नाही, पासाला तो लागू आहे असे त्यांच्या महाधिवक्त्यांनी लेखी म्हटले तरी पुरे. दर वर्षी पासांचा जो तक्ता छापला जातो त्यात किंमत असते, पार्किंग असते, खाण्यावरची सूट असते. मागच्या वर्षी त्या प्रतीच्या पासधारकांना किती दिवस तारीख मिळू शकत होती, हा रकानाही त्या तक्त्यात असावा.